एक्कावन्न टक्के गरीब

माझ्या भीतीला एकक आहे: मिलिग्रॅम प्रतिलिटर. बहुतेकांच्या भीतीला ते नसते, म्हणून त्यांची भीती अंधारात वाढते आणि सकाळी उतरते. माझी तशी उतरत नाही. ती फक्त नव्या चाचणीने बदलते, आणि गेली सहा वर्षे ती एकाच दिशेने बदलत आहे.

आमचे टॉलिव्हर शहर दोन विहिरींचे पाणी पिते. कायद्याच्या दृष्टीने आम्ही शहर आहोत. लोकसंख्या पाचशे एक्केचाळीस. भोवती मक्याची शेते, शेतांत खत, खतात नायट्रोजन. पुढचे काम पाऊस आणि गुरुत्वाकर्षण करतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा दहा. मे महिन्यात आमच्या नळाचा आकडा आला अकरा पूर्णांक चार. मोठ्या माणसाला त्याने लगेच काही होत नाही, आणि म्हणून मोठी माणसे त्याबद्दल लगेच काही करीतही नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळाचे रक्त मात्र प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि बाळ ओठांपासून निळे पडू लागते. शाळेत पस्तीस वर्षे मी हे फळ्यावर समीकरणासह लिहून दाखवले. लिहिताना हात कधी थरथरला नाही.

त्याच महिन्यात आमच्या मुलीचा, करिनचा, फोन आला. ती आणि तिचा नवरा मोठ्या शहरातले भाड्याचे घर सोडून आमच्याच गल्लीत राहायला येत होते, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना बाळ होणार होते. माझी बायको आर्डिस आनंदाने रडली. मी नळाकडे पाहिले.

"पाणी उकळून देऊ की बाळाला," आर्डिस म्हणाली.

"उकळल्याने वाढतं. पाणी उडून जातं, नायट्रेट मागे राहतं."

"व्हर्लिन, आयुष्यात एखादी बातमी तू नुसती आनंदाने ऐकली आहेस का रे?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. एक होती, पण तीही पुढे चुकीची ठरली.

नवी खोल विहीर आणि शुद्धीकरण यंत्रणा आम्हा पाचशे एक्केचाळिसांच्या आवाक्यात नव्हती. अनुदान मिळत होते, पण त्याला अट होती: शहरातली किमान एक्कावन्न टक्के माणसे अल्प किंवा मध्यम उत्पन्नाच्या घरांत राहणारी असावीत. सरकारी अंदाज म्हणत होता की आमच्याकडे ती सेहेचाळीस टक्के आहेत. जूनच्या नगरसभेत हा आकडा वाचून दाखवला गेला आणि लोकांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो. ते मला टाळता आले असते. अंदाजाखाली बारीक अक्षरांत त्रुटीची मर्यादा छापली होती: चौदा टक्के, वर किंवा खाली. मी सांगितले की याचा अर्थ आम्ही बत्तीस टक्के गरीब असू, नाहीतर साठ टक्के, आणि अशा आकड्याला शास्त्रात आकडा म्हणत नाहीत, खांदे उडवणे म्हणतात.

"मग खरा आकडा तुम्हीच आणा ना, मास्तर," नगराध्यक्ष मर्ल टिटजेन म्हणाला. मर्लचे खिळे-हातोड्यांचे दुकान आहे आणि कोणतीही समस्या दोन ठोक्यांत बसावी अशी त्याची अपेक्षा असते. "घरोघर जाऊन विचारायचं, बस. ठराव मांडतो."

मांडणे, अनुमोदन आणि मंजुरी मिळून अकरा सेकंद लागले. आमच्या सभेत चूक दाखवणारा आणि ती दुरुस्त करणारा यांत फरक केला जात नाही.

राज्य कार्यालयातल्या मिस पेटीग्रू यांनी मला फोनवर नियम ऐकवले. दोनशे एक्केचाळीस घरे. त्यांतल्या नऊ-दशांश घरांचे उत्तर आलेच पाहिजे. घरात माणसे किती, एक वर्षाखालचे किती, आणि उत्पन्न त्या संख्येच्या घरासाठी ठरवलेल्या रेषेच्या वर की खाली, एवढेच विचारायचे. कोणाचे उत्तर पाहायचे नाही, सुचवायचे नाही. तीन खेपांत कोणी भेटले नाही तर 'उत्तर नाही' लिहायचे. एकतीस ऑगस्टपर्यंत निकाल.

"आणि पन्नास पूर्णांक नऊ आलं तर?" मी विचारले.

"तर पन्नास पूर्णांक नऊ," त्या म्हणाल्या. मला त्या आवडल्या आणि त्यांची भीतीही वाटली.

मी भित्रा आहे हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. मला कुत्र्यांची, शिडीची आणि अनोळखी दाराची भीती वाटते. टॉलिव्हरमध्ये अनोळखी दार असे नाहीच. त्यामुळे मला ओळखीच्या दारांची भीती वाटू लागली. आमच्याकडे तुम्ही माणसाला त्याच्या पित्ताशयाबद्दल विचारू शकता, सोडून गेलेल्या बायकोबद्दल विचारू शकता, चर्चच्या तळघरातल्या सहभोजनात त्याने कोणाच्या बटाट्याच्या पदार्थाला नावे ठेवली हेही विचारू शकता. उत्पन्न विचारता येत नाही. "कसं चाललंय?" याला आमच्याकडे एकच उत्तर आहे: "तक्रार नाही." छपराचा अर्धा भाग वादळात गेलेला, ट्रकचे दार तारेने बांधलेले, आणि त्या दारात उभा राहून माणूस म्हणतो, "तक्रार नाही." मीही म्हणतो.

शेजारी ड्वेन हालुप्का, रेल्वेतून निवृत्त झालेला, रोज सकाळी कुंपणावर कोपरे टेकून मला सल्ला देई.

"असं विचारायचंच नाही. तूच बसून भर सगळे अर्ज. कोणाची किती कमाई ते गावाला ठाऊक आहे."

"ती आकडेवारी नव्हे, ड्वेन. त्या कंड्या."

"पस्तीस वर्षं शिकवून तुला एवढंही कळत नाही? कंडीच खरी असते. अर्जावर माणूस टाय लावून बसतो."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. पुढे ते मला एकाच वेळी शास्त्रीय आणि भयंकर वाटले.

पहिली फेरी तीन आठवडे चालली. मला दोन कुत्रे चावायला आले, एक चावला. तो पास्टरांचा होता. घराघरांतून पाकिटे आली आणि नगर कार्यालयात डोरीनने ती उघडली. डोरीन प्राझाक आमची नगर लिपिक आणि माझी जुनी विद्यार्थिनी. बेरीज झाल्यावर तिने मला बोलावले आणि चष्मा काढला.

"सर, अडतीस टक्के."

"गरीब?"

"गरीब अडतीस. बाकीचे सगळे सुखवस्तू. सर, आपल्या गावात एवढे सुखवस्तू कुठे राहतात हो?"

कारण तिच्याच टेबलावर पडले होते. मर्लने मला न सांगता जुलैच्या पाणीपट्टीसोबत घरोघर एक पत्रक पाठवले होते. वर शहराचा झेंडा, खाली ठळक अक्षरांत: 'राजधानीला दाखवून देऊ, टॉलिव्हर कशाचं बनलंय!' लोकांनी दाखवून दिले होते. ज्यांच्या घरावर छप्पर नव्हते त्यांनीसुद्धा रेषेच्या वर खूण केली होती. शिवाय पाकिटे डोरीन उघडणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि डोरीन रविवारी त्यांच्या शेजारच्याच बाकावर बसते.

मर्लला मी हे समजावून सांगितले. त्याचा चेहरा पडला.

"मला वाटलं, लोकांत उत्साह पाहिजे."

"आपण गरीब आहोत हे सिद्ध करायचं होतं, मर्ल."

"ते पत्रकावर कसं लिहायचं, मास्तर? मी तीन वेळा लिहून पाहिलं. चांगलं दिसेना."

त्या आठवड्यात पाण्याचा नवा अहवाल आला: अकरा पूर्णांक नऊ. मी घरी सांगितले नाही. आर्डिसने पाळण्याला पांढरा रंग दिला होता आणि तो अंगणात वाळत होता. त्याच्याजवळून जाताना मी श्वास मोजत असे. का, ते मला सांगता येणार नाही.

मी मिस पेटीग्रूंना पत्रकाची हकीकत कळवली. लपवता आली असती. ड्वेनने तसा सल्लाही दिला होता. फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. पत्रकामुळे उत्तरांवर प्रभाव पडला असल्याने पहिली फेरी बाद झाली, असे त्या शेवटी म्हणाल्या. दुसरी एकदाच घेता येईल. मुदत तीच. उरले सव्वीस दिवस.

दुसऱ्या फेरीत दोन सुधारणा केल्या. पत्रक नाही, आणि पाकीट डोरीनकडे जाणार नाही. बिननावाचा अर्ज माणसाने दारातच कुलूपबंद पेटीत टाकायचा आणि पेटी सभेत सर्वांसमोर उघडायची. पेटी मिळाली ती ड्वेनची, मासे बर्फात ठेवायची, निळी. झाकणाला त्याने करवतीने फट पाडून दिली. ती घेऊन मी चालू लागलो तेव्हा लोक रस्त्याच्या पलीकडून विचारत, "कोणाचं मूत्रपिंड नेताय, सर?" दोन जणांना ते खरेच वाटले असावे, कारण त्यांनी टोप्या काढल्या.

ड्वेनने आपला नवा ट्रक ताडपत्रीखाली झाकला आणि अंगणात गंजलेला नांगर आणून ठेवला.

"अर्जात ट्रक विचारलेला नाही," मी म्हणालो.

"वातावरणनिर्मिती," तो म्हणाला.

सर्वांत अधिक भीती मला धान्यकोठाराच्या मागच्या गल्लीची होती. तिथे मांसाच्या कारखान्यात काम करणारी ग्वाटेमालातली कुटुंबे राहतात. शहराची जवळजवळ पंचमांश माणसे आणि अर्ध्याहून अधिक बाळे. पहिल्या फेरीत तिथे एकही दार उघडले नव्हते. पडदे हलत, आतला दूरचित्रवाणीचा आवाज बंद होई, आणि मी दाराबाहेर घामाघूम उभा असे. माझ्या छातीशी धरलेला, कागद अडकवलेला पुठ्ठा आतून कसा दिसत असेल याचा विचार मी फार उशिरा केला. मला त्यांच्या दाराची भीती वाटत होती. त्यांना माझी वाटत होती, आणि त्यांच्याकडे कारण होते: हातात कागद घेऊन येणारा माणूस देशाबाहेर काढायला आलेला असू शकतो.

या वेळी मी पुठ्ठा घरी ठेवला. निळी पेटी घेऊन पायरीवर बसलो, कारण गुडघे दुखत होते. दहा मिनिटांनी जाळीच्या दारामागून आवाज आला.

"पेटीत काय आहे?"

"कागद."

"बर्फाच्या पेटीत कागद?"

ती इमेल्दा होती, आडनाव चुक, कारखान्यात काम करणारी. कडेवर चार महिन्यांचे बाळ होते.

"साहेब, आमच्या घरात माणसं किती, हे आम्ही कोणाला सांगत नसतो."

"नाव नको. पत्ता नको. किती जण, आणि या रेषेच्या वर की खाली."

तिने जाळीतून तक्ता वाचला. सात माणसांच्या ओळीवर बोट ठेवले आणि हसली. "ही रेषा आम्ही लांबूनसुद्धा पाहिलेली नाही."

"मला उत्तर सांगायचं नाही," मी घाईने म्हणालो. "नियम आहे."

"हे कशासाठी?"

मी पाण्याचे सांगितले. आकडा सांगितला. ती हसायची थांबली. मग तिने दार उघडून मला आत नेले आणि ओट्याखालची रांग दाखवली: विकत आणलेल्या पाण्याचे बारा मोठे कॅन.

"दवाखान्यातली बाई म्हणाली होती. मागच्या आठवड्यात पगार उशिरा झाला. दोन दिवस नळाचं दिलं." बाळाच्या ओठांकडे पाहत तिने विचारले, "दोन दिवसांनी काय होतं, साहेब?"

मी पस्तीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर दिले होते. बाळाचे ओठ गुलाबी होते. मी ते तिला सांगितले, आणि पुन्हा एकदा पाहून पुन्हा सांगितले. तिने अर्ज पेटीत टाकला आणि बाळ कडेवर घेऊनच माझ्यासोबत शेजारच्या दाराशी आली. त्या दुपारी गल्लीतली चौदा दारे उघडली.

अठ्ठावीस ऑगस्टपर्यंत दोनशे वीस घरे झाली होती. वीस घरांपुढे तीन खेपांनंतर 'उत्तर नाही' लिहिले होते. एक राहिले होते. ते माझे होते.

मोजणाऱ्याने स्वतःचे घर मोजायचे नाही, म्हणून आमच्याकडे डोरीन येणार होती. इथे मला एक कबुली देणे भाग आहे. पहिल्या फेरीत मी रेषेच्या वर खूण केली होती. दोन माणसांच्या घराची रेषा होती बावन्न हजार चारशे डॉलर. आमचे निवृत्तिवेतन आणि इतर सर्व मिळून होतात सत्तेचाळीस हजार सहाशे. उरलेले अंतर मी कसे भरून काढले ते शास्त्राच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे. मी परसातल्या टोमॅटोंची बाजारभावाने किंमत धरली. आर्डिस माझे केस घरी कापते, त्याची मजुरी धरली. स्वतः फोडलेल्या सरपणाची धरली. एवढे करूनही कमी पडले, तेव्हा मी टोमॅटोंचा भाव पुन्हा तपासला. इतरांनी पत्रक वाचून खोटे लिहिले होते. मी पत्रक वाचलेही नव्हते.

मंगळवारी डोरीनची पहिली खेप झाली. मी गॅरेजात शीतपेटीमागे उभा होतो. आर्डिस दारात म्हणाली, "बाहेर गेलाय." बुधवारी दुसरी खेप झाली. मी ज्या शिडीला आयुष्यभर घाबरलो तिच्यावरून माळ्यावर गेलो आणि उतरता येईना म्हणून दोन तास तिथेच राहिलो. प्रतिसाद न देणाऱ्या घरांमुळे निष्कर्ष कसे बिघडतात यावर मी याच माळ्याखाली बसून मर्लला पाऊण तास ऐकवले होते.

गुरुवारी आर्डिसने दार उघडले आणि आवाज दिला, "व्हर्लिन, डोरीन आली आहे. आणि आज मी खोटं बोलणार नाही."

मी बाहेर आलो. डोरीन पेटी घेऊन उभी होती. तिने विहित निवेदन शब्दशः वाचले. मीच तिला तसे शिकवले होते.

"घरातली कोणीही प्रौढ व्यक्ती भरू शकते," मी आर्डिसकडे पाहून म्हणालो.

"मी नाही," आर्डिस म्हणाली. "मागच्या वेळी टोमॅटो तू वर चढवलेस. तूच उतरव."

डोरीनला टोमॅटोंचे काही कळले नाही, पण तिने विचारले नाही. ती सोळा वर्षांची असताना माझ्या वर्गात तिच्या प्रयोगाचे उत्तर चुकले होते आणि तिने पुस्तकातले खरे उत्तर वहीत उतरवले होते. मी तिला सबंध वर्गासमोर उभे करून म्हणालो होतो की जे मोजले तेच लिहावे. हे तिला आठवत होते की नाही, ठाऊक नाही. मला आठवत होते.

"सर, ही तिसरी खेप," ती हळूच म्हणाली. "आता 'उत्तर नाही' लिहावं लागेल."

मी पेन्सिल घेतली. खूण करायला मला चार सेकंद लागले असतील. रेषेखाली. अर्ज फटीत अडकला आणि डोरीनने तो बोटाने आत ढकलला.

"तक्रार नाही ना, सर?" ती म्हणाली.

"आहे," मी म्हणालो. बासष्ट वर्षांत प्रथमच.

एकतीस तारखेला सभागृहात उभे राहायला जागा नव्हती. मिस पेटीग्रू फोनच्या ध्वनिवर्धकावर होत्या. पेटी उघडली तेव्हा माशांचा वास सगळीकडे पसरला. दोन सभासदांनी मोजले, डोरीनने पुन्हा मोजले, आणि मर्लने कागद डोळ्यांजवळ धरून वाचले: "पाचशे चार माणसांनी उत्तर दिलं. त्यांतली रेषेखाली दोनशे अठ्ठावन्न. एक्कावन्न पूर्णांक एकोणीस."

मर्लने कागद खाली ठेवला.

"जिंकलो की हरलो?" ड्वेनने विचारले.

"जिंकलो," मर्ल म्हणाला.

"म्हणजे गरीब आहोत."

"हो."

कोणीतरी मागे टाळी वाजवली आणि लगेच थांबवली, कारण पहिली टाळी कोणाची हे सगळे वळून पाहू लागले होते. मग सगळ्यांनी एकदम वाजवल्या, आढ्याकडे पाहत, म्हणजे कोणाची नजर कोणाला भिडणार नाही.

मी टाळ्या वाजवत नव्हतो. मी कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी करत होतो. आमचे घर माळ्यावरच राहिले असते तर पाचशे दोनपैकी दोनशे छप्पन्न: पन्नास पूर्णांक नऊशे शहाण्णव सहस्रांश. राज्याच्या नियमांत आकडा वर ढकलायला परवानगी नाही. एका शीतपेटीमागे उभे राहून मी काय करायला निघालो होतो, ते मला तीन दशांश स्थळांपर्यंत दिसले.

टाळ्या ओसरल्यावर मागच्या रांगेतून इमेल्दा चुकने विचारले, "पाणी कधी येणार?"

"सर्व वेळेवर झालं, तर सव्वीस महिन्यांनी," मिस पेटीग्रू म्हणाल्या.

सभागृहाला हा आकडा समजायला वेळ लागला. मला लागला नाही. सव्वीस महिन्यांत ऑक्टोबर तीनदा येतो.

"आणि तोवर?" इमेल्दाने विचारले.

मर्लने खुर्ची मागे सारली. "तोवर बाळांचं पाणी माझ्या दुकानात उतरेल. कॅन मी मागवतो. ट्रक..." त्याने ड्वेनकडे पाहिले. "ताडपत्री काढ तुझ्या ट्रकावरची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, बाळं किती आहेत गावात?"

हे मला ठाऊक होते. अर्जात विचारले होते आणि बेरीज मोजणीच्या कागदावर होती. मी उठलो, फळ्याशी गेलो आणि म्हणालो, "आठ. उत्तर न दिलेल्या वीस घरांत आणखी असतील तर मला माहीत नाही."

"नऊ," तिसऱ्या रांगेतून आर्डिस म्हणाली.

मी वळलो. जन्मली नाही ती व्यक्ती कोणत्याही गणनेत मोजत नाहीत. तशी व्याख्याच आहे, आणि ती योग्य आहे. जे अद्याप मोजता येत नाही ते मी आयुष्यात कधी तक्त्यात घेतले नव्हते. हे मी सांगणार होतो. सगळे सभागृह माझ्याकडे पाहत होते.

मी खडू उचलला आणि फळ्यावर नऊ लिहिले.